जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसेना, तेव्हा

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्या सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. त्यामुळे सहा-आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकण्याची धडपड घरोघरी, सीएंच्या ऑफिसात, झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांत चालू आहे. बऱ्याच ठिकाणी ती एका ठरावीक जागी अडते. टक्के वाढत जातात, लॅपटॉप दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो, आणि मग केलेले बदल मागे घेत असल्याची ओळ पडद्यावर येते. थोड्या वेळाने जुनं विंडोज १० पुन्हा समोर. माणूस वैतागतो आणि परत तेच बटण दाबतो. परत तेच होतं.

ते बटण पुन्हा दाबण्याआधी थांबा. अपग्रेड फसलं म्हणजे काहीतरी कारण आहे, आणि ते कारण तसंच ठेवून कितीही वेळा प्रयत्न केला तरी निकाल बदलत नाही. उलट, डिस्क आधीच थकलेली असेल तर प्रत्येक फेरीगणिक तिच्यावरच्या फाइलींचा धोका वाढतो. माझा सगळा आग्रह क्रमाचा आहे: आधी फाइली दुसरीकडे उतरवा, मग डिस्कची तब्येत बघा, मग बिघाडाचा कोड वाचा, आणि दुसरा प्रयत्न त्यानंतर. लोक नेमके उलट्या टोकाकडून सुरू करतात, म्हणून साधा बिघाड मोठ्या नुकसानीपर्यंत जातो.

जुनं विंडोज जसंच्या तसं परत आलं असेल, तर ती खरं म्हणजे चांगली बातमी आहे. नवी प्रणाली चालेना हे ओळखून सेटअपने तुमच्या फाइली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज मूळ जागी ठेवली. तुमच्या हातात वेळ आहे. ज्यांचा लॅपटॉप मध्येच अडकून राहिलाय किंवा सुरूच होत नाहीये, त्यांच्याकडे आधी वळू.

अडकलाय की हळू चालतोय?

गोल फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर हे काम कित्येक तास चालू शकतं. टक्क्यांचा आकडा बराच वेळ एकाच जागी दिसणं हे बिघाडाचं लक्षण मानू नका. लॅपटॉपच्या कडेला डिस्कचा छोटा दिवा असेल तर तो बघा. दिवा नसेल तर कान लावून डिस्कचा आवाज ऐका. लुकलुक किंवा खरखर चालू असेल तर काम चालू आहे. या वेळात पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे, कारण त्या क्षणी प्रणालीच्या फाइलींची अर्धी उचल-ठेव झालेली असते. संध्याकाळी सुरू केलं असेल तर रात्रभर तसाच राहू द्या. सकाळीही आकडा तोच, दिवा मेलेला, असं असेल तरच बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

चार्जर लावलेला हवा, हे सगळे सांगतात. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक वेळा नावापुरती उरलेली असते. वीज गेली की मिनिटभरात तोही जातो. तुमच्या भागात लोडशेडिंग असेल किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल, तर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावूनच हे काम करा. इन्व्हर्टर नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन जाणं हा कमीपणा नाही.

सुरूच होत नसेल तर

विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होऊ शकलं नाही की दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि पुढे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असे पर्याय दिसतात. पहिल्यांदा ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. त्याने भागलं नाही तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये जाऊन सगळ्यात अलीकडचं ‘फीचर अपडेट’ काढण्याचा पर्याय घ्या. तिथेच आसपास ‘रिसेट धिस पीसी’ असंही दिसेल. त्याला आत्ता हात लावू नका. ‘माझ्या फाइली ठेवा’ हा त्यातला सौम्य पर्याय निवडला तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम उडतात, आणि फाइलींची दुसरी प्रत नसताना असलं धाडस करायचं नसतं.

इथे बऱ्याच जणांना अनपेक्षितपणे एक किल्ली मागितली जाते. ४८ अंकांची. ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणाऱ्या सोयीची रिकव्हरी की. आपण ही सोय कधी चालू केली हे बहुतेकांना आठवत नाही, कारण काही लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मोबाइलवर त्याच खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जा आणि तुमच्या डिव्हाइसच्या माहितीत रिकव्हरी की शोधा. पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांक दिलेला असतो, तो जुळवून मगच अंक टाका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असू शकते. ज्यांचा लॅपटॉप आत्ता नीट चालतोय, त्यांनी हा परिच्छेद वाचून झाल्यावर लगेच ती किल्ली शोधून कागदावर लिहून ठेवावी. किल्ली हरवली तर ती डिस्क कुठलाही दुकानदार उघडून देऊ शकत नाही.

विंडोज अजिबात उभं राहत नसेल आणि आत महत्त्वाच्या फाइली असतील, तर दुरुस्तीच्या पडद्यातूनच त्या बाहेर काढता येतात. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, तिथे नोटपॅडचं इंग्रजी नाव टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडेल. त्याच्या ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन’ घ्या आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता समोर आहे ती खिडकी म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या फोल्डरांची वाट आहे. हवा तो फोल्डर माउसच्या उजव्या बटणाने कॉपी करायचा आणि पेनड्राइव्हमध्ये पेस्ट करायचा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात; नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर घाबरू नका. कॉपी चालू असताना पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थोडं थोडं कॉपी करा.

दुसरा मार्ग म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा पेनड्राइव्ह. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंटची फाइल उतरवून तिचा सुरू होणारा पेनड्राइव्ह बनवायचा, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा आणि काहीही न बसवता फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्यायच्या. जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क दोन-चार स्क्रू काढून बाहेर येते. ती यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावली तरी काम होतं.

फाइली, आणि फाँटसुद्धा

आता ज्यांचं जुनं विंडोज परत आलंय त्यांच्याकडे येतो. कोड बिड वाचण्याआधी बाहेरची हार्ड डिस्क जोडा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स हे सगळ्यांना सुचतं. टॅली वापरणाऱ्यांनी टॅलीचा डेटा फोल्डर घ्यावा, आउटलुक वापरणाऱ्यांनी त्याची पीएसटी फाइल घ्यावी, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का ते पाहावं.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे बघायला हवं, आणि ती नेमकी राहून जाते. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी शिवाजी, किरण, कृतिदेव अशा फाँटांत टाइप केलेल्या हजारो फाइली आपल्याकडे आहेत: संस्थांची इतिवृत्तं, दिवाळी अंकांचा मजकूर, वकिलांचे दस्त, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्या फाइलींत अक्षरं इंग्रजी कळांची साठवलेली असतात. मराठी दिसते ती केवळ फाँटमुळे. अपग्रेड सुरळीत झालं तर फाँट जागेवर राहतात. पण शेवटी सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायची वेळ आली, तर ते फाँट जातात आणि फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. विंडोजच्या फोल्डरात ‘फाँट्स’ नावाचा फोल्डर आहे, त्यातले मराठी फाँट वेगळे कॉपी करून ठेवा. ज्या मराठी कळफलक-मांडणीवर टायपिस्ट काम करतो, तिच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाइल आणि परवान्याचा क्रमांकही त्याच फोल्डरात टाका. जमल्यास महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेण्याचं काम याच निमित्ताने सुरू करा. पुढच्या दहा वर्षांत ते जुने फाँट कोण सांभाळणार?

डिजिटल सही वापरणाऱ्यांची भीती वेगळी असते. जीएसटी, आयकर किंवा ई-टेंडरसाठी जे यूएसबी टोकन लागतं, त्यातलं प्रमाणपत्र टोकनमध्येच असतं, लॅपटॉपमध्ये नसतं. त्यामुळे त्याचा ड्रायव्हर काढून टाकला तरी सही जात नाही. नंतर ड्रायव्हर पुन्हा टाकला की ती चालते. फक्त टोकनच्या सॉफ्टवेअरमधला ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ हा पर्याय दाबू नका. त्याने प्रमाणपत्र पुसलं जातं आणि नव्याने काढावं लागतं.

डिस्कची तब्येत

अपग्रेड फसण्यामागे दुखणारी डिस्क कितीदा असते, याकडे लोकांचं लक्षच जात नाही. रोजच्या वापरात आपण डिस्कच्या थोड्याशा भागावर वाच-लिही करतो. अपग्रेडमध्ये मात्र कित्येक जीबी लिहिले जातात आणि प्रणालीची जवळजवळ प्रत्येक फाइल वाचली जाते. एरवी कधी स्पर्श न झालेला खराब भाग नेमका त्या वेळी वाटेत येतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते उघडलं की वर डिस्कची स्थिती एका शब्दात दिसते: ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’. खालच्या तक्त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेल्या जागा, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे डिस्कला सध्या वाचता न येणाऱ्या जागा. ‘कॉशन’ दिसलं तर अपग्रेड तिथेच थांबवा. ‘चेक डिस्क’ची आज्ञाही आधी चालवू नका, कारण ती अख्खी डिस्क तपासत बसते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तोच ताण शेवटचा ठरू शकतो. फाइलींची प्रत झाल्यावर ती खुशाल चालवा.

डिस्क बदलायची असेल तर एसएसडी घ्या. जुन्या लॅपटॉपवर केलेला हा सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च आहे, आणि विंडोज कुठलंही ठेवलं तरी वाया जात नाही. सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहतो. त्यासोबत रॅम चार जीबीवरून आठ करून घ्या. विंडोज ११साठी चार जीबी पुरते असं कंपनीचे निकष म्हणतात. पण चार जीबीवर ब्राउझरच्या चार खिडक्या उघडून काम करणाऱ्याला ते पटणार नाही.

कोड काय सांगतो

अपग्रेड फसल्यावर एक कोड दिसतो. नजरेतून निसटला असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये विंडोज अपडेटच्या ‘अपडेट हिस्टरी’त सापडेल. सगळे कोड शून्य आणि एक्सने सुरू होतात, म्हणून इथे त्यांच्या पुढचाच भाग लिहितो.

‘८००७००७०’ म्हणजे जागा कमी. विंडोज ११ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते, पण अपग्रेडच्या वेळी सी ड्राइव्हवर तीसेक जीबी मोकळे असावेत असं धरून चला. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात. डी रिकामा आणि सी गच्च, ही नेहमीची अवस्था. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीनअप सिस्टिम फाइल्स’ घ्या. आधीच्या फसलेल्या प्रयत्नाचे अवशेषच बऱ्याचदा कित्येक जीबी अडवून बसलेले असतात.

‘८००एफ०९२२’ हा कोड, किंवा ‘सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन’ अद्ययावत करता आलं नाही असा संदेश, वेगळ्याच जागेबद्दल बोलतो. विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींसाठी डिस्कच्या सुरुवातीला एक लहान, एरवी न दिसणारा भाग असतो. जुन्या लॅपटॉपवर तो बऱ्याचदा १०० एमबीचाच असतो आणि भरलेला असतो. तो मोठा करणं हे पार्टिशनशी खेळणं आहे. सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. व्हीपीएन चालू असल्यामुळेही हाच कोड येतो, म्हणून आधी ते बंद करून पाहा.

‘८००७३७१२’ आला तर विंडोज १०च्या स्वतःच्याच फाइली बिघडलेल्या आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डीआयएसएमची ‘रिस्टोअर हेल्थ’ आणि मग एसएफसीची ‘स्कॅननाउ’ आज्ञा चालवायची. पहिलीला इंटरनेट लागतं. क्रम उलटा करू नका; एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली आणते, तो साठा डीआयएसएम दुरुस्त करते.

‘सी१९००२०८’ म्हणजे एखादा प्रोग्रॅम नव्या प्रणालीशी जुळत नाही.

आणि मग येतो ‘सी१९००१०१’. जुन्या लॅपटॉपवर हा वारंवार भेटतो आणि सगळ्यात जास्त हैराण करतो. त्याचा सर्वसाधारण अर्थ ड्रायव्हरचा घोळ. पण त्याच्यापुढे आडवी रेघ देऊन आणखी एक भाग असतो, आणि उपयोगी माहिती तिथे आहे. अपग्रेड चार टप्प्यांत होतं. पहिला टप्पा जुनं विंडोज चालू असतानाच: उतरवणं, तपासणं. दुसऱ्यात लॅपटॉप एका छोट्या सुरक्षित प्रणालीत सुरू होतो. तिसऱ्यात नवं विंडोज पहिल्यांदा उभं राहतं आणि यंत्रभाग ओळखतं. चौथ्यात ते पुन्हा सुरू होऊन तुमची सेटिंग्ज आणि फाइली आपल्यात घेतं. कोडच्या दुसऱ्या भागातला पहिला अर्थपूर्ण अंक हा त्या टप्प्याचा. ‘२००१७’ असेल तर दुसऱ्या टप्प्यात सुरू होतानाच अडलं; बायोस आणि डिस्क-चिपसेटच्या ड्रायव्हरांकडे बघा. ‘३००१८’ असेल तर तिसऱ्या टप्प्यात एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर सेटअपला उत्तर देईनासा झाला. ‘४०००डी’ असेल तर यंत्र उभं राहिलं होतं, पण चौथ्या टप्प्यात माहिती हलवताना ड्रायव्हरच्या मांडणीने घात केला.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण हेच लागू पडतात. माउस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढा: प्रिंटर, सहीचं टोकन, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क. बाहेरून घेतलेलं अँटिव्हायरस नुसतं बंद करून चालत नाही. त्या कंपनीच्या काढून टाकण्याच्या साधनाने ते पूर्ण उतरवा. जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरसोबत आलेल्या डोंगलचा ड्रायव्हर प्रणालीच्या फार खोलात बसलेला असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा तो ड्रायव्हर नव्या विंडोजला चालत नाही, म्हणून तो उतरवा, आणि उतरवण्याआधी कंपनीकडे विंडोज ११साठीचा ड्रायव्हर आहे का ते विचारून घ्या. नसेल, आणि तुमची रोजीरोटी त्याच सॉफ्टवेअरवर असेल, तर या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकूच नये.

नवे ड्रायव्हर आणि बायोस लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मागच्या बाजूला छापलेल्या मॉडेलच्या क्रमांकानेच शोधा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असं सांगणारी सॉफ्टवेअरं टाळा. ती चुकीचे ड्रायव्हर बसवतात आणि सोबत नको ते आणतात. बायोस बदलताना बॅटरीही चालू स्थितीत हवी, कारण त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

कोडवरून काहीच कळलं नाही तर विंडोजच्या फोल्डरात ‘लॉग्ज’ आणि त्यात ‘सेटअपडायग’ असा फोल्डर शोधा. अपग्रेड फसल्यावर सेटअप स्वतःच एक निदान करून तिथे लिहून ठेवतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते, आणि काही वेळा अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नावच त्यात सापडतं.

लॅपटॉप पात्र आहे का

‘सी१९००२००’ हा कोड, किंवा सेटअप पहिल्याच पावलावर नकार देणं, म्हणजे यंत्र निकषांत बसत नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की नेमकं काय कमी आहे ते कळतं. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. आय५-७२००यू मधला रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी, तो बाहेर; आय५-८२५०यू आत. एएमडीच्या रायझनमध्ये असा आकड्यावरून अंदाज बांधू नका, हेल्थ चेकलाच विचारा.

विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. २०१६ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडतं. बिटलॉकर चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते तात्पुरतं स्थगित करा, नाहीतर ती ४८ अंकी किल्ली पुन्हा दारात उभी राहील.

सिक्युअर बूटसाठी लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू व्हावा लागतो. जुन्या ‘लीगसी’ पद्धतीने बसवलेलं विंडोज असेल तर एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजमधलंच साधन डिस्कची मांडणी फाइली न पुसता बदलून देतं. आपल्याकडे ते हमखास अडतं, कारण दुकानात पाडलेले डी आणि ई हे ‘लॉजिकल’ भाग असतील तर ते साधन नकार देतं. त्या भागांतल्या फाइली बाहेर काढून, भाग मोडून मगच पुढे जाता येतं. आणि तुमचं विंडोज १० जर ३२ बिटचं असेल, तर अपग्रेडचा रस्ता मुळातच बंद आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. सगळं पुसून नव्याने टाकणं एवढाच मार्ग उरतो.

निकष चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वांना माहीत आहेत आणि त्या चालतातही. माझं मत असं: मुलाच्या अभ्यासाच्या किंवा प्रयोगाच्या लॅपटॉपवर, काय करतोय ते कळून, खुशाल करा. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, अशिलांची विवरणपत्रं भरली जातात, त्यावर करू नका. अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि सुरक्षेसाठीच तर आपण हे सगळं करत होतो.

दुसरा प्रयत्न

कारण सापडलं, दूर झालं, तर यावेळी विंडोज अपडेटच्या भरवशावर राहू नका. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ची आयएसओ फाइल पूर्ण उतरवा, तिच्यावर डबल-क्लिक करा आणि आतला सेटअप चालवा. सुरुवातीला अपडेट उतरवण्याबद्दल विचारलं की ‘आत्ता नको’ निवडा. फाइली आणि ॲप्स ठेवण्याचा पर्याय समोर दिसत नसेल तर तिथून मागे फिरा. पुढे जाऊ नका.

यशस्वी झालं तर पुढचे दहा दिवस महत्त्वाचे. तेवढेच दिवस जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय राहते. त्या काळात प्रिंटरवर एक पान काढा, डिजिटल सही लावून बघा, टॅली उघडा, जुन्या फाँटातली एक फाइल उघडा, मराठी कळफलकावर दोन ओळी टाइप करा. सी ड्राइव्हवर जागा करायच्या नादात जुन्या विंडोजचा फोल्डर पहिल्याच दिवशी उडवू नका.

ज्यांचा लॅपटॉप पात्र नाही, त्यांनी तो भंगारात काढायचं कारण नाही. विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना ठेवली, ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसेही पडत नाहीत. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल आणि लिखाणापुरतं आहे, त्यांना मी लिनक्स मिंट २२ सुचवतो. तिला एप्रिल २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील, मराठी टायपिंग तीत चालतं, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करून, काहीही न पुसता, आपलं वायफाय आणि प्रिंटर तीत चालतात का हे आधी बघता येतं. डिजिटल सही आणि टॅलीवर पोट असलेल्यांनी मात्र नवं यंत्र घेण्याचाच विचार करावा.

आणि लॅपटॉप दुकानात द्यायची वेळ आली, तर ‘फॉरमॅट मारतो, तासाभरात देतो’ या उत्तरावर मान डोलावू नका. आधी डिस्कची स्थिती काय आहे ते विचारा, तुमच्या प्रतीशिवाय काहीही पुसायचं नाही हे पावतीवर लिहून घ्या. विंडोज १०चा अस्सल परवाना त्याच लॅपटॉपवर विंडोज ११लाही लागू होतो, त्यामुळे नव्या परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि चोरीची प्रत टाकून घेण्याची गरजही नाही. लॅपटॉप परत घेताना ‘सेटिंग्ज’मधलं ‘ॲक्टिव्हेशन’चं पान दुकानातच उघडा आणि तिथे विंडोज डिजिटल परवान्याने सक्रिय असल्याचं लिहिलेलं आहे ना, ते बघूनच पैसे द्या.